आगबोटीवरची हजेरी

लालबाग-परळच्या जुन्या मंडळींना भोंग्याची भाषा नव्याने शिकवायला नको. गिरण्या चालू होत्या त्या काळात कोणत्या भोंग्याला अंथरूण सोडायचे, कोणत्या भोंग्याला डबा उचलून जिना उतरायचा आणि कोणता भोंगा व्हायच्या आत फाटकातून पाऊल पडले पाहिजे, हे चाळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. ‘मस्टर’ हा शब्दही तिकडे घरोघरचा. मस्टरवर नाव चढले तर दिवस भरला, नाही तर खाडा. आज ज्या गोष्टीविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे तिचे सारे सार या दोन शब्दांत आहे: भोंगा आणि मस्टर. फक्त जागा निराळी. गिरणीच्या जागी जहाज घ्या आणि कामगाराच्या जागी सुटीला निघालेला उतारू.

मुंबईहून हौसेखातर जहाजाचा प्रवास करण्याचे दिवस पुन्हा आले आहेत. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा असे सुरू झाले. ते पुढे बंद पडले. २०२१ साली ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. एके काळी दादर-गिरगावची माणसे बोटीने जात ती गावी, शिमग्याला नाही तर गणपतीला, वळकटी आणि करंड्या घेऊन. आता त्यांचीच नातवंडे आईबापांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस जहाजावर करतात. करोत बापडी. समुद्र पाहायला पैसे खर्च करणे हा काही वाईट शोक नव्हे.

तर असे हे कुटुंब जहाजावर चढते. सामान खोलीत टाकून मंडळी उपाहारगृह कुठे आहे ते शोधायला लागतात न लागतात, तोच भोंगा होतो. सात आखूड आणि पाठोपाठ एक लांब. मग सगळ्यांनी जिन्याने आपापल्या नेमून दिलेल्या जागी जायचे, उभे राहायचे, हजेरी द्यायची आणि जाकीट कसे चढवायचे ते पाहायचे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सफरीत माझ्या शेजारी उभे असलेले एक सद्‌गृहस्थ घड्याळाकडे पाहत म्हणाले, “पैसे मोजून आलो ते काय ड्रिलमास्तरांपुढे उभं राहायला?” आजूबाजूची मंडळी हसली. मीही हसलो, बोलणे चटकदार होते. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जहाज धक्क्याला बांधलेले, समुद्र शांत, इंजिन अजून नीट सुरूही झालेले नाही. अशा वेळी कोणतेही संकट नसताना दोन हजार माणसांना रांगेत का उभे करायचे?

याच्या उत्तरासाठी फार दूर जायला नको. भाऊच्या धक्क्यापर्यंत गेले तरी पुरे.

१७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढातली अमावस्या. स्वातंत्र्य अवघ्या एकोणतीस दिवसांवर आले होते. त्या सकाळी आठच्या सुमाराला ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. अंतर म्हणाल तर जेमतेम तास-दीड तासाचे. बोटीवर सातशेंच्या वर माणसे होती, आणि त्यांतली बरीचशी गिरगाव आणि परळ या आपल्याच भागांतली, अमावस्येच्या सणाला अलिबाग-पेणकडे घरी निघालेली. पाऊस होता, वारा होता. पण पावसाळ्यात पाऊस असायचाच, म्हणून कोणी त्याचे विशेष मनावर घेतले नाही. निघून अर्धा-पाऊण तास होतो न होतो तोच काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटा अंगावर आल्या, पाणी आत शिरले, बोट एका अंगाला कलली. त्या बाजूची माणसे घाबरून दुसऱ्या बाजूला धावली. बोट उलटली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईपासून काही मैलांवर एवढा अनर्थ झाला तरी शहराला दुपार उलटेपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. जी वाचली त्यांतल्या कितीएकांना रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्यांनी ना भोंगा ऐकला होता, ना त्यांना कोणी हुकूम दिला होता.

ही काही या किनाऱ्यावरची पहिली गोष्ट नव्हे. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ‘वैतरणा’ नावाची आगबोट वादळात सापडून माणसांसकट नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळाने घेतल्या. पण ‘रामदास’चे दुःख निराळ्या जातीचे आहे. तिथे वाऱ्याने आणि लाटेने अर्धे काम केले. उरलेले अर्धे काम झाले ते माणसांच्या धावण्याने. धावणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. त्यांच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपणही धावलो असतो. आणि कवायतीचा मुद्दा तोच आहे.

बोट कलते म्हणजे काय होते, हे जरा समजावून घेऊ. तंजावरची बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिला टिचकी मारा, ढकला, आडवी करा. ती पुन्हा उभी. कारण तिचे सारे वजन बुडाशी असते. जहाजाचीही घडण काहीशी अशीच. इंजिन, इंधन, माल हे सगळे जड सामान खाली असते, आणि जहाज एका अंगाला झुकले की त्या अंगाचे बूड अधिक पाण्यात जाऊन पाणीच त्याला परत वर उचलते. आता त्याच बाहुलीच्या डोक्यावर शिशाचा गोळा चिकटवा. ती थोडी कलली की परत उठायची नाही. वरच्या डेकवर माणसांची दाटी झाली म्हणजे हाच गोळा जहाजाच्या डोक्यावर चढतो. आणि ती माणसे एकदम एका बाजूला गेली तर तो गोळा डोक्याच्या मधोमधही राहत नाही. हिशेब करून पाहा. सातशे माणसे, सरासरी वजन पन्नास किलो धरले तरी पस्तीस टन. आधीच पाणी घेतलेल्या एका लहान बोटीवर पस्तीस टन वजन काही क्षणांत या कडेवरून त्या कडेला गेले, तर तिने करायचे काय?

गिरगावातल्या चाळीत राहिलेल्यांना हे आणखी चटकन पटेल. अनंत चतुर्दशीला रस्त्यावरून गणपती जायला लागले, की चाळीतली यच्चयावत माणसे रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत येऊन कठड्याशी गर्दी करतात. मागच्या खोल्या ओस. चाळीचा पाया जमिनीत आहे म्हणून आपले भागते. (तेही आता कठडे जुने झाल्यामुळे भागेलच असे नाही.) जहाजाला पाया नाही. ते पाण्यावर ठेवलेले आहे.

म्हणून जहाजावरच्या हजेरीत प्रत्येकाला जागा नेमून दिलेली असते. तिला ‘मस्टर स्टेशन’ म्हणतात. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि हल्ली तुमच्या कार्डावर तिचे अक्षर किंवा आकडा असतो. या जागा जहाजाच्या दोन्ही अंगांना वाटलेल्या असतात. मोठ्या जहाजाला दोन हजार माणसांच्या वजनाचे तसे काही वाटत नाही, हेही इथे सांगून ठेवतो. ‘रामदास’ची अडचण त्यांना नाही. त्यांची अडचण जिन्यांची. दहा-बारा मजल्यांचे जहाज म्हणजे उभी एक पेठ. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि लिफ्टने जायचेही नसते. निम्मी माणसे वरून खाली येताहेत, निम्मी खालून वर चाललीत, एखादा विसरलेली पिशवी आणायला उलटा फिरला आहे. या गर्दीत काय होऊ शकते ते आपण समुद्रावर न जाताही पाहिले आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळला लागून असलेल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसामुळे माणसे जिन्यात थबकली, मागून रेटा आला, आणि तेवीस माणसे चेंगरून गेली. तिथे आग नव्हती, पूर नव्हता. कोणी कुठल्या बाजूने उतरायचे आणि कोणी थांबायचे, एवढेच ठरलेले नव्हते. जहाजावरचे खलाशी पिवळ्या-नारिंगी जाकिटात जिन्याच्या प्रत्येक वळणावर उभे राहून हात करीत असतात, ते शोभेसाठी नव्हे.

आता त्या भोंग्याविषयी. सात किंवा अधिक आखूड आणि मग एक लांब, असेच का? याचे कारण मोठे गमतीचे आहे. समुद्रात भोंगा ही जहाजांची आपसातली बोली आहे. एक आखूड भोंगा म्हणजे ‘मी उजवीकडे वळतो आहे’. दोन म्हणजे ‘डावीकडे’. तीन म्हणजे ‘माझे इंजिन उलटे चालले आहे’. पाच आखूड म्हणजे, सभ्य भाषेत सांगायचे तर, ‘तुमचा बेत काय आहे तो मला कळत नाही’. खलाशी त्याचे भाषांतर निराळ्या शब्दांत करतात. धुक्यात चालणारे जहाज थोड्या थोड्या वेळाने लांब भोंगा देते. या सगळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून संकटाच्या खुणेसाठी सातचा आकडा घेतला. झोपेतून दचकून उठलेल्या माणसालाही मोजता मोजता कळते, की हे नेहमीचे नव्हे.

हजेरी घेण्याचा धंदा मी वीस वर्षे करतो आहे. वर्गात एका मुलाने दुसऱ्याच्या नावाला ‘हजर सर’ म्हटले तर मला बहुधा कळते. कधी मी रागावतो, कधी कानाडोळा करतो. कारण त्याने फारसे काही बिघडत नाही. जहाजावर मात्र नवऱ्याने बायकोचे कार्ड दाखवून “ती खोलीत पडली आहे, डोकं दुखतंय” असे सांगितले तर अधिकारी ऐकत नाहीत. लोकांना हा आडमुठेपणा वाटतो. पण हजेरीचा उपयोग काय ते पाहा. खरे संकट आले म्हणजे खलाशांना आग लागलेल्या मजल्यावर माणसे शोधायला आत जावे लागते. कोण आले आहे हे पक्के ठाऊक असेल तरच कोण राहिले आहे ते कळते. एक खोटी ‘हजर’ म्हणजे एक माणूस आत राहिलेला आणि कोणी त्याला शोधत नसलेला. उलट, एक माणूस बिनबोभाट दुसऱ्याच जागी जाऊन उभा राहिला, तर त्याला शोधायला गेलेले दोन खलाशी विनाकारण धुरात.

बोटी पुरेशा ठेवल्या की झाले, असे पूर्वी वाटे. खरे म्हणजे त्याही पुरेशा नसत. ‘टायटॅनिक’ची हकीकत सर्वांना माहीत आहे. १९१२ च्या एप्रिलात ते जहाज बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि वीस होड्यांत मिळून जागा १,१७८ जणांची. हा भाग सगळे सांगतात. पण तो दुसरा भाग मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. तेवढ्या जागा असूनही वाचले ते सातशेच्या आसपास. पासष्ट माणसांची पहिली होडी तीसाच्या आत माणसे घेऊन खाली गेली. जहाज अजून सरळ उभे दिसत होते, दिवे लागलेले होते, वाद्ये वाजत होती, आणि खाली काळे पाणी. अशा वेळी उबदार दिवाणखाना सोडून लोंबकळणाऱ्या होडीत बसायला कोण तयार होणार? उतारूंनी होडीत चढण्याची कवायत कधी पाहिलेली नव्हती. त्यांना होडीच अधिक धोक्याची वाटली. १९१४ साली लंडनला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी समुद्रावरील जीवितरक्षणाचा करार केला, तो या दुर्घटनेतून. त्याची आज चालू असलेली आवृत्ती १९७४ ची, आणि तिच्यात वेळोवेळी भर पडत आली आहे.

त्यातली एक भर अलीकडची आहे, आणि ती तुमच्या-आमच्या सफरीशी थेट निगडित आहे. पूर्वी नियम असा, की उतारू जहाजावर आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्यांची हजेरी-कवायत व्हावी. चोवीस तास! म्हणजे पहिली रात्र बिनकवायतीची गेली तरी चालेल. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे अवाढव्य जहाज खडकावर घासले. त्यावर चार हजारांवर माणसे होती. त्यांतले काहीशे उतारू त्याच संध्याकाळी चढलेले. त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. जहाज घासले पावणेदहाला. उतारूंना प्रथम सांगण्यात आले, की विजेचा काही बिघाड आहे. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तो तासाभराने. तोवर जहाज इतके कलले होते, की वर गेलेल्या बाजूच्या होड्या नीट खाली सोडता येईनात. किनारा अगदी जवळ असूनही बत्तीस माणसे गेली. त्यानंतर नियम बदलला: जहाज सुटण्यापूर्वी, नाही तर सुटताक्षणी, हजेरी झालीच पाहिजे. २०१५ पासून तो लागू आहे. माझ्या शेजारच्या त्या सद्‌गृहस्थांचा चहा लांबला तो या कारणाने.

यावर कोणी म्हणेल, की मग उतारूने सांगितलेले मुकाट्याने ऐकावे, एवढाच कवायतीचा अर्थ का? तसे मात्र मी म्हणणार नाही. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात ‘सेवोल’ ही मोठी फेरीबोट कलली, तेव्हा सहलीला निघालेल्या शाळेच्या मुलांना ध्वनिक्षेपकावरून जागेवरच बसून राहा म्हणून पुन्हा पुन्हा सांगण्यात आले. मुलांनी ऐकले. ३०४ माणसे गेली, त्यांत बहुतेक ती मुले. उलट १९९१ च्या ऑगस्टात दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘ओशिआनोस’ हे जहाज बुडत होते, तेव्हा कप्तान उतारूंच्या आधी हेलिकॉप्टरने निघून गेला आणि जहाजावर गाणेबजावणे करणाऱ्या कलावंतांनी माणसांना रांगेने बाहेर काढले. पाचशेंवर माणसे, सगळी वाचली. कवायत जितकी उतारूंची, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, खलाशांची असते. उतारू-जहाजावर त्यांना दर आठवड्याला आगीची आणि जहाज सोडण्याची कवायत करावी लागते. आपण एकदा उभे राहून कंटाळतो. ती माणसे वर्षातून पन्नास वेळा उभी राहतात. आणि उतारूला जागा, वाट, जाकीट माहीत असले म्हणजे चुकीचा हुकूम आला तरी तो अगदीच आंधळा राहत नाही.

संकटात माणसे ओरडत सैरावैरा धावतात, अशी सिनेमाने आपली समजूत करून दिली आहे. काही धावतात, पण पुष्कळशी माणसे जागच्या जागी खिळून बसतात. डोळ्यांपुढे काय चालले आहे ते त्यांच्या मनाला पटतच नाही. अशा वेळी नवा विचार सुचत नाही. आधी केलेले, निदान एकदा ऐकलेले, तेवढेच हातून होते. याचे उदाहरण परळातलेच देतो. २२ ऑगस्ट २०१८ ला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवर या इमारतीला आग लागली. चौघांचा जीव गेला. वरच्या मजल्यावर धुरात अडकलेल्या कितीतरी शेजाऱ्यांना एका दहा वर्षांच्या मुलीने ओले फडके नाकाशी धरायला लावले, एके ठिकाणी बसवले आणि शांत ठेवले. शाळेत शिकवलेले तिला आठवले होते. तिच्या भोवतालच्या मोठ्या माणसांनाही ही गोष्ट कधी ना कधी कोणी सांगितलीच असेल. फरक एवढाच, की तिने ऐकताना घड्याळ पाहिले नव्हते.

अलीकडे काही जहाजांनी एक सोय काढली आहे. २०२० च्या साथीनंतर गर्दी टाळण्यासाठी कवायतीची माहिती खोलीतल्या पडद्यावर किंवा खिशातल्या फोनवर पाहायची आणि मग आपल्या सवडीने नेमलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवून यायचे. उतारू खूश आहेत. मला स्वतःला ही पद्धत पुरतेपणी पसंत नाही. चित्रफीत चालू ठेवून माणूस दाढी करतो. त्यातल्या त्यात एक गोष्ट बरी, की जागेपर्यंत पायांनी जावे लागते. तुम्ही अशा जहाजावर गेलात तर लिफ्टने जाऊ नका. खोलीच्या दारापासून जागेपर्यंत जिन्याने जा, आणि जाताना किती दारे लागली ती मोजा. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत. मोजलेली दारे हाताला लागतात.

इथवर मोठ्या जहाजांविषयी झाले. पण खरे सांगायचे तर मला काळजी वाटते ती त्यांची नव्हे. त्यांच्यावर सगळ्या जगाचे कायदे आहेत, तपासनीस आहेत, आणि तिकीट महाग असल्यामुळे वर्तमानपत्रांचेही लक्ष आहे. तो आंतरराष्ट्रीय करार मुळात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी आहे. ‘रामदास’ रेवसला जात होती. गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँचीही त्या कराराच्या कक्षेत येत नाहीत. त्यांचे नियम आपले आपण करायचे आणि आपले आपण पाळायचे. लाँचीत तुम्ही बसलात तर काय दिसते? जाकिटे असतात. छताला किंवा बाकाखाली, दोरीने गच्च बांधलेली, पुष्कळदा एकमेकांत अडकलेली. तासाभराचा प्रवास, सीगल पक्ष्यांना वेफर टाकायचे, फोटो काढायचे. जाकीट कोणाला आठवते?

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी चारच्या सुमाराला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या फेरीबोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. हवा उत्तम होती. ना वादळ, ना अमावस्येची भरती. शंभराहून अधिक माणसे बोटीवर होती. दोन्ही बोटींवरची मिळून पंधरा गेली. प्रवाशांच्या अंगावर जाकिटे नव्हती. पुढच्या दोन-तीन दिवसांत गेटवेच्या बोटींवर जाकीट घालणे सक्तीचे झाले. ‘रामदास’नंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

सक्ती झाली हे ठीकच झाले. पण जाकीट अंगावर असणे आणि ते नीट अंगावर असणे यांत अंतर आहे. म्हणून थोडे त्याविषयी सांगतो. जहाजावरचे चांगले जाकीट नुसते तरंगवत नाही. बेशुद्ध माणूस पालथा पडला तरी त्याला पाच सेकंदांच्या आत उताणा करून त्याचे तोंड पाण्याच्या वर चार-पाच इंच धरील, अशी त्याची रचना असते. म्हणून त्याचा जाड भाग छातीवर आणि मानेमागे असतो. ते उलटे घातले, तर तेच जाकीट तुमचे तोंड पाण्यात दाबील. त्याला एक शिटी आणि एक लहान दिवा असतो. पाण्यात हाक मारून घसा बसतो, शिटी बसत नाही. पट्टे सैल ठेवले तर माणूस खाली आणि जाकीट कानांशी, अशी गत होते. घातल्यावर दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर पट्टा आणखी आवळायचा. आणि हल्लीची काही जाकिटे दोरी ओढल्यावर फुगतात. ती आत, खोलीत किंवा केबिनमध्ये असताना कधीही फुगवू नयेत. पाणी आत शिरले तर फुगलेले जाकीट तुम्हाला छताशी चिकटवून ठेवते आणि बुडी मारून दाराबाहेर येता येत नाही.

कपड्यांचे सांगायचे तर, साडी नेसलेल्या बायकांनी पदर आधी खांद्यावरून काढून कमरेला घट्ट खोचावा आणि मग जाकीट चढवावे. जाकिटावरून पदर घेतला तर पट्टे सापडत नाहीत आणि पाण्यात तोच पदर गळ्याशी येतो. मोठ्या माणसाचे जाकीट लहान मुलाला घालू नये. मूल त्यातून खाली निसटते. मुलांची जाकिटे वेगळी असतात आणि बहुधा ती कमी असतात, म्हणून ती लाँच सुटायच्या आधी, धक्क्यावर उभे असतानाच मागून घ्यावीत. तांडेल पहिल्यांदा “नंतर देतो” म्हणेल. मुलाला कडेवर घेऊन तिथेच उभे राहा; तो देतो.